जुनी जपानी टूरिंग सायकल: ओळखायची कशी, द्यायचे किती? (कोल्हापूर)

रंकाळ्याचा_कट्टा (धागाकर्ता)

मंडळी, मदत पाहिजे. नागाळा पार्कात ओळखीच्यांचा जुना बंगला पाडून अपार्टमेंट व्हायचंय. सामान काढताना जिन्याखालून एक रेसर हँडलची सायकल निघाली. आजोबा फाउंड्रीवाले होते. '८५ साली अमेरिकेहून आणली' असं नातू सांगतो. अंगावर एकही स्टिकर नाही, कारण मधे कुणीतरी ती गॅरेजमध्ये नेऊन अख्खी निळ्या ऑटो पेंटनं मारून आणलीय.

पार्टवर वाचता येतं ते असं: मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) शिमानो, क्रँक सुगिनो (पुढं तीन चकत्या, मागं सहा), रिमवर अराया २७ × १ १/४, हँडल आणि स्टेमवर निट्टो. ब्रेक दोन्हीकडं कँटिलिव्हर (फ्रेमला डाग दिलेल्या खुंट्यांवर बसणारे). गिअरच्या खिट्ट्या हँडलच्या टोकांना. टायरचं रबर बोटानं तुटतंय, गादी संपलेली.

नातू ३५,००० मागतोय. मोबाइलवर अमेरिकेतल्या साइटवरची एक जाहिरात दाखवली, 'जपानी विंटेज टूरिंग, ८०० डॉलर'. म्हणे तुम्हाला निम्म्यात देतो. मला ती भिंतीवर टांगायची नाही. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा करायचंय, जमलं तर खाली गोव्यापर्यंत. ही सायकल नेमकी कुठली आणि तिचे किती द्यावेत?

पापाची_तिकटी

३५ हजारात नवीन हायब्रीड येतीय की राव, वॉरंटीसकट! जिन्याखालचं लोखंड कशाला घेताय?

जुनं_लोखंड

तिकटीकर, जरा थांबा. त्या वर्णनात कामाच्या गोष्टी आहेत.

कट्टेकर, रंगाकडं बघू नका, पार्टवरच्या नावांवरही लगेच जाऊ नका. पार्ट बदलता येतात, फ्रेम बदलत नाही. सायकल उलटी करा आणि मला चार गोष्टींचे फोटो द्या. पहिला बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा एक्सल जिथं फिरतो) नळकांड्याचा, खालून. नंबर तिथं ठोकलेला असतो. रंग चढला असेल तर थिनरच्या बोळ्यानं हळू पुसा, पॉलिश पेपर लावू नका, आकडे उथळ असतात. दुसरा, मागचं चाक जिथं बसतं त्या ड्रॉपआऊटचा. तिसरा, पुढच्या फोर्कचा, दोन्ही बाजूंनी. चौथा डिरेलरच्या मागच्या अंगाचा, चाकाच्या बाजूनं. तिथं दोन बारीक इंग्रजी अक्षरं असतील.

आणि सगळ्यात आधी फ्रेमचं माप. बीबीच्या मध्यापासून सीट ट्यूबच्या (गादीखालची उभी नळी) वरच्या टोकापर्यंत टेप लावा. तुमची उंचीही सांगा. सायकल कितीही भारी निघाली तरी मापात नसेल तर हा धागा इथंच बंद करू.

मिरजकर_मामा

तोपर्यंत एक अवांतर. जपानी टूरिंग सायकलींचा तो काळ फार थोडा होता. अमेरिकेत १९७६ साली, त्यांच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून, 'बाइकसेंटेनियल' नावाची मोहीम निघाली. ओरेगॉनपासून व्हर्जिनियापर्यंत, म्हणजे या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत हजारो लोक सामान लादून सायकलवर गेले. तिथून लांब पल्ल्याच्या सायकलींना मागणी आली आणि जपान्यांनी ती उचलली. मियाता, फुजी, पॅनासोनिक, ब्रिजस्टोन, सगळे उतरले. (पॅनासोनिकचे संस्थापक मात्सुशिता लहानपणी सायकलच्या दुकानात उमेदवारी करत होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) त्याशिवाय जपानच्या कारखान्यात बनून अमेरिकन नावानं विकल्या गेलेल्या वेगळ्याच: युनिवेगा, सेंचुरियन, लोटस.

मग सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात डॉलर उतरवायचा करार झाला. डॉलरला साधारण २४० येन मिळायचे, ते दीड-दोन वर्षांत १५० च्या आसपास आले. जपानी माल अमेरिकेत एकदम महागला, कामं तैवानला गेली. त्यात गिऱ्हाईक माउंटन बाइककडं वळलं. म्हणून १९८० ते ८६ मधल्या जपानी टूरिंग सायकली शोधणारे लोक आहेत. तेव्हा कारागिरी उत्तम होती आणि येन स्वस्त असल्यामुळं त्या किमतीत ती परवडत होती.

पापाची_तिकटी

मामा, हॉटेलातल्या करारानं सायकलीचा बाजार उठला? नाद खुळा.

रंकाळ्याचा_कट्टा

आज जाऊन आलो. फोटो टाकलेत.

माप ५६ सेंमी, माझी उंची ५ फूट ९. नंबर निघाला. 'एम' अक्षरानं सुरू होतो, पुढं आकडे आहेत (सगळा इथं देत नाही). मागच्या डिरेलरच्या पाठीवर 'आय' आणि 'सी'. पुढच्या डिरेलरवरही आहेत, तिथं 'ओ' आणि 'एफ'. ड्रॉपआऊट जाड आहे, मागं-पुढं दोन-दोन भोकं. फोर्कच्या मध्यावर दोन्ही बाजूंना आटे पाडलेली बारकी नळी डाग देऊन बसवलीय. चेनस्टेवर (बीबीपासून मागच्या चाकापर्यंतची आडवी नळी) दोन छोटे खुंटे आहेत, ते कशासाठी कळलं नाही.

जुनं_लोखंड

माप जमलं. आता एकेक घेऊ.

शिमानोच्या त्या दोन अक्षरांत पहिलं वर्ष, दुसरं महिना. 'ए' म्हणजे १९७६, मग क्रमानं पुढं. 'आय' १९८४. महिन्याला 'ए' जानेवारी ते 'एल' डिसेंबर, म्हणजे तुमचा मागचा डिरेलर मार्च १९८४ चा. 'झेड'नंतर २००२ पासून पुन्हा 'ए' सुरू होतो, पण हा पार्ट बघून तो घोटाळा व्हायचा नाही.

फ्रेमचा नंबर. मियाताच्या कारखान्यात पहिलं अक्षर वर्षाचं असायचं, १९७२ ला 'ए'. त्या हिशोबानं 'एम' म्हणजे १९८४. नुसत्या 'एम'वरून मी मियाता म्हटलं नसतं, इतर कारखानेही नंबरात अक्षरं घालायचे. पण फ्रेमचं अक्षर १९८४ सांगतंय आणि डिरेलरही १९८४ सांगतोय, असं जुळलं की भरवसा ठेवायला हरकत नाही. मियाता ही मुळात बंदुका करणारी कंपनी, १८९० पासून सायकली बनवणारी. स्टीलच्या नळीचं काम त्यांना नवीन नव्हतं. फ्रेमच्या नळ्या ते स्वतःच काढायचे, हे तेव्हाही फार थोडे कारखाने करत.

ते चेनस्टेवरचे खुंटे जादा स्पोक ठेवायला. प्रवासात स्पोक तुटला की तिथला काढून घालायचा. फोर्कवरची आट्याची नळी खाली लटकणाऱ्या पुढच्या कॅरियरसाठी, भोकं मडगार्ड आणि कॅरियरची. असली सोय रेसिंग सायकलला नसते आणि दुकानदार नंतर करूनही देत नाही. ही अस्सल टूरिंग फ्रेम आहे, त्यात शंका नको. खात्री म्हणून चेनस्टे मोजा, बीबीच्या मध्यापासून मागच्या एक्सलपर्यंत. रेसिंगमध्ये ४१ सेंमीच्या आसपास असतं, टूरिंगला ४३ च्या वर, म्हणजे मागच्या पिशव्यांना टाच लागत नाही.

आता गंमत पुढच्या डिरेलरची. 'ओ' म्हणजे १९९०, 'एफ' म्हणजे जून. '८५ साली आणलेल्या' सायकलला जून ९० चा पार्ट कोल्हापुरात त्या काळी कुणी बसवला असेल असं मला तरी वाटत नाही. नातवाला पुन्हा विचारा.

स्पोकन्_स्पोक

लोखंडदादा, एक भर. युनिवेगाच्या सायकलीही मियाताच बनवायचं आणि नंबरांची पद्धत तीच. म्हणजे कारखाना मियाताचा हे ठरलं, पण नावाची पट्टी कुठली होती ते निळ्या रंगाखाली गेलं. कट्टेकर, सीट स्टेच्या (गादीखालून मागच्या चाकाकडं उतरणाऱ्या दोन नळ्या) वरच्या टोकांवर नख फिरवून बघा. बरेच जपानी कारखाने तिथं नाव कोरायचे, रंगानं खाच भरली तरी बोटाला लागते.

फिरस्ता_कोकण

कारखाना कळला, मॉडेल पण कळलं पाहिजे ना? मियातात २१०, ६१०, १००० असे नंबर होते. भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जुनं_लोखंड

अमेरिकेत आहे, फिरस्ता. इथं कट्टेकर काय करणार? नागाळा पार्कात उभं राहून 'ही ६१० आहे, १००० नाही' असा वाद घातला तरी ऐकणारा कोण? त्यांना फ्रेमची प्रत कळली तरी भागतं. ती सीटपोस्टच्या (गादीचा दांडा) जाडीवरून अंदाजानं कळते. पोस्ट बाहेर काढा, त्याच्या पोटावर आकडा असेल. २७ किंवा २७.२ मिमी असेल तर नळीची भिंत पातळ, म्हणजे चांगली क्रोममॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मजबूत स्टील). २६ किंवा त्याखाली असेल तर साधारणपणे जाड, हलक्या प्रतीची. पोस्ट निघत नसेल तर मारझोड करू नका. ॲल्युमिनियमचा पोस्ट स्टीलमध्ये गंजून धरतो. भेदक तेल सोडा, रात्रभर ठेवा. आणि अडकलेला पोस्ट हा भाव पाडायचा मोठा मुद्दा आहे हे लक्षात असू द्या. स्टेमचंही तेच.

शाहूपुरी_ताई

मी सायकलवाली नाही, पण हा प्रश्न अजून कुणी विचारला नाही म्हणून लिहिते. नागाळा पार्क म्हणताय. जिन्याखाली म्हणजे तळमजला. २०१९ ला ही सायकल कुठं होती? आणि २०२१ ला? आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. वरून पुसून चकचकीत केलेल्या वस्तूंच्या पोटातून वर्षभर गाळ निघत होता. मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यातून.

जुनं_लोखंड

ताई, सगळ्यात मोलाचा प्रश्न तुम्ही विचारलात. कट्टेकर, आधी हे विचारा. निळा रंग कधी मारला तेही विचारा.

रंकाळ्याचा_कट्टा

विचारलं. नातवाच्या आईनं सांगितलं ते असं. सायकल आजोबांनी आणलेली नाही. आजोबांचे धाकटे भाऊ अमेरिकेत नोकरीला होते, त्यांची ती तिथली रोजची सायकल. ते १९९२ ला कायमचे परत आले तेव्हा सामानाबरोबर आली. म्हणजे पुढचा डिरेलर खरं बोलत होता!

आणि हो, २०१९ च्या महापुरात ती तळमजल्यावरच होती. तीन-चार दिवस पाण्यात. गंज दिसायला लागला म्हणून दुसऱ्या वर्षी रंग मारून घेतला. २०२१ ला वर नेली होती.

सीट स्टेवर नख फिरवलं, काही लागलं नाही. चेनस्टे ४५ सेंमी भरतं. पोस्ट तेल सोडून दुसऱ्या दिवशी निघाला. आकडा २७.२.

फिरस्ता_कोकण

महापुरातली सायकल? सोडून द्या. आतून कुजलेली असणार. घाटात उतरताना फ्रेम मोडली म्हणजे?

उद्यमनगरचा_टर्नर

एवढं घाबरायचं कारण नाही फिरस्ता. तीन-चार दिवसांच्या पाण्यानं क्रोममॉली कुजत नाही. आत गाळ राहिला आणि तो वर्षानुवर्षं ओला राहिला तर कुजते. तेवढंच तपासायचं.

कट्टेकर, अशी बघा. पोस्ट काढलाच आहे, तर सीट ट्यूबमध्ये बॅटरी मारून बघा. तांबूस भुकटी असली तर चालेल, खवले सुटत असतील तर वाईट. मग बीबी खोला. क्रँक आपल्याकडच्या कॉटर पिनचा नाही, चौकोनी टोकाचा आहे. हातोडीनं ठोकून निघत नाही, त्याला क्रँक पुलर लागतो. माझ्याकडं आहे, घेऊन जा. बीबी खोलली की नळकांड्याच्या तळाशी काय साठलंय ते बघा. तिथून चेनस्टेच्या तोंडात दाभणानं टोचा. चेनस्टे आडवी असते, पाणी तिथंच तुंबतं. दाभण आत घुसलं नाही तर पुढं बोलू.

बाहेरून बीबीच्या आसपास आणि सीट लगच्या (सीट ट्यूबच्या वरच्या सांध्याच्या) खाली पान्याच्या मुठीनं हलकं ठोकत जा. चांगल्या नळीचा आवाज टणटणीत येतो, खाल्लेल्या जागी बद्द होतो. लोहचुंबकही फिरवा. ऑटो पेंटवाले पुटी भरून खड्डे बुजवतात, तिथं चुंबक ढिला धरतो.

जुनं_लोखंड

टर्नरदादांशी सहमत. त्यात आणखी दोन. हेड ट्यूबच्या (हँडलखालची उभी नळी) मागं, डाऊन ट्यूबच्या (तिथून बीबीकडं उतरणारी नळी) खालच्या अंगाला बोट फिरवा. समोरून धडकलेली सायकल तिथं फुगते, रंगाखालीही फुगवटा कळतो. दुसरं, दोरी. मागच्या डाव्या ड्रॉपआऊटपासून दोरी हेड ट्यूबला वळसा घालून उजव्या ड्रॉपआऊटला आणा, ताणून बांधा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एखाद्या मिलिमीटरचा फरक चालतो, तीन-चार असेल तर फ्रेम वाकलीय.

पापाची_तिकटी

धाग्यात दोरी, दाभण, चुंबक, बॅटरी. सायकल घेताय का भूत उतरवताय?

रंकाळ्याचा_कट्टा

तिकटीकर, आज सकाळी शेजारचेही जमले होते बघायला.

बीबी खोलली. ताई म्हणाल्या तसंच झालं. वाटीभर वाळलेला गाळ, पंचगंगेचा, अगदी मऊसूत. छर्रे गंजून वाटीला चिकटलेले. एक्सलवर खड्डे आहेत. पण दाभण कुठंही घुसलं नाही, आवाज सगळीकडं टणटणीत. सीट ट्यूबमध्ये भुकटी आहे, खवले नाहीत. फुगवटा नाही. दोरीत जेमतेम मिलिमीटरभर फरक. मागचं चाक थोडं वाकडं, दोन स्पोक तुटलेले. फ्रीव्हील (मागच्या सहा चकत्यांचा गट) दोन्हीकडं फिरतंय, म्हणजे धरतच नाही. त्यावर सनटूर लिहिलंय, मधे चार खाचा.

आता भावाचं बोला.

फिरस्ता_कोकण

माझं मत असं. दहा हजारात पाडा, पूर्ण रिस्टोअर करा, ओरिजिनल रंगाचे स्टिकर करून घ्या आणि परदेशात विका. ८०० डॉलर म्हणजे आजच्या दरानं सत्तर हजाराच्या आसपास.

मिरजकर_मामा

फिरस्ता, मागितलेला भाव आणि विकला गेलेला भाव यात फरक असतो. ८०० ला लावलेली जाहिरात वर्षभर तशीच असेल. शिवाय तिथं जास्त पैसे मिळतात ते मूळ रंग, मूळ स्टिकर, मूळ पार्ट असलेल्या सायकलीला. निळा ऑटो पेंट म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीनं खेळ संपला. त्यात पॅकिंग, विमानाचं भाडं, कस्टम. कोल्हापुरातून अमेरिकेत जुनी सायकल विकायची म्हणजे उलटी गंगा.

जुनं_लोखंड

या सायकलीला आपल्याकडं बाजार असा नाही. पुण्या-मुंबईत हौशी लोक आहेत, पण ते हाताच्या बोटावर मोजण्याइतके. म्हणून किंमत एकाच बाजूनं काढायची: चालू करायला किती लागेल, आणि चालू झाल्यावर तेवढ्या पैशात याहून बरं काही मिळतं का.

टायर, ट्यूब, चेन, केबल, ब्रेकचे गुटके, छर्रे-ग्रीस, बीबीचा एक्सल, फ्रीव्हील, स्पोक, गादी, हँडलची पट्टी. निवांत घेतलं तरी नऊ-दहा हजार होतील. छर्र्यांची चिंता नको. मागच्या हबला आणि बीबीला पाव इंची, पुढच्या हबला ३/१६ इंची. आपल्या कुठल्याही सायकल दुकानात मिळतात, पण नवे आणि एका मापाचे घ्या, जुन्यात नवे मिसळू नका. बीबीचे आटेही इंग्लिश मापाचे आहेत, रुंदी ६८ मिमी, त्यामुळं आजची सीलबंद कार्ट्रिज बीबी सरळ बसते. फक्त लांबी तीन चकत्यांच्या क्रँकला जुळणारी बघा.

तयार सायकल वीस हजाराच्या आत पडली तर मी डोळे झाकून घेईन. कारण क्रोममॉलीची, कँटिलिव्हर ब्रेकची, दोन्हीकडं कॅरियर लागणारी, गगनबावड्याच्या चढाला पुढची बारकी चकती असलेली सायकल आज नवीन घ्यायला गेलात तर याच्या कितीतरी पट द्याल. म्हणून सायकलचे आठ ते दहा. त्यावर नाही.

फिरस्ता_कोकण

मग नातवाला मियाताचं नाव सांगू नका. सांगितलं की तो गूगल करणार आणि ३५ चे ५० होणार.

शाहूपुरी_ताई

हे पटत नाही. घर पाडतायत, आजोबांच्या भावाची वस्तू आहे. नाव सांगा, वर्ष सांगा, गाळाचा फोटोही दाखवा. सगळं खरं सांगून भाव करा.

मिरजकर_मामा

मी ताईंच्या बाजूचा. शिवाय व्यवहार म्हणूनही लपवायची गरज नाही. खर्चाची यादी समोर ठेवली की नाव कितीही मोठं असलं तरी भाव खालीच येतो.

जुनं_लोखंड

सांगा. आणि नावापेक्षा १९९२ ची हकीकत त्याला जास्त आवडेल. लिहूनही घ्या त्यांच्याकडून, कुणी विकली, कधी. जुन्या सायकलीचं बिल नसतं, एक साधी सहीची चिठ्ठी असू द्यावी.

रंकाळ्याचा_कट्टा

झाला व्यवहार. सगळं दाखवलं, लोखंडदादांच्या दोन्ही अक्षरांसकट. नातू डिरेलर हातात घेऊन बराच वेळ महिने मोजत बसला होता. ९,५०० ला दिली, वर माळ्यावरून पुढचं कॅरियर आणि जुना फूटपंप शोधून दिला. चिठ्ठीवर आईंनी सही केली.

आता दोन अडचणी. सनटूरचं ते चार खाचांचं फ्रीव्हील काढायला हत्यार कुठंच मिळत नाही. आणि लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारानं '२७ चा टायर नाही, २८ चा देतो, ताणून बसंल' असं सांगितलंय.

उद्यमनगरचा_टर्नर

हत्याराचं माझ्यावर सोडा. चाक घेऊन या, खाचांची मापं घेऊन ईएन २४ (कठीण स्टील) मधून काढतो, हार्ड करून देतो. एक लक्षात ठेवा, हत्यार खाचेत बसवल्यावर वरून एक्सलचा नट हलका कसून ते दाबून धरायचं. तसंच फिरवलं तर घसरतं, खाच गोल होते, आणि मग ते फ्रीव्हील जन्मात निघत नाही. एकदा ढिलं झालं की नट सोडा आणि मग पुढं फिरवा. चाक व्हाइसमध्ये हत्यारावर बसवून रिम हातानं फिरवली तर सोपं जातं.

फ्रीव्हील टाकून देऊ नका. आधी डिझेलमध्ये रात्रभर बुडवून बघू. आतली कुत्री (एकाच बाजूला धरणारे दात) सुकलेल्या ग्रीसमुळं अडकलेली असतात, धुतल्यावर बऱ्याचदा धरायला लागतात.

फिरस्ता_कोकण

मी तर म्हणतो २७ ची चाकंच काढा आणि ७०० सी ची (आजच्या मापाची) बसवा, टायरची कटकट कायमची मिटेल.

स्पोकन्_स्पोक

२८ चा टायर अजिबात घेऊ नका. आपल्या काळ्या सायकलचा २८ × १ १/२ टायर ६३५ मिमीच्या रिमचा, तुमची रिम ६३० ची. पाच मिलिमीटर ढिला बसेल, हवा भरली की एका बाजूनं उठेल आणि उतारावर निघून येईल. ताणायचा प्रश्नच नाही, तो आधीच मोठा आहे.

फिरस्तांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. ७०० सी ची रिम ६२२ मिमीची, म्हणजे ब्रेकचे गुटके दोन्हीकडं चार मिलिमीटर आत आणावे लागतील. कँटिलिव्हरचे खुंटे फ्रेमला डाग दिलेले असतात, ते हलत नाहीत. गुटका खाली सरकवायला जेवढी फट असेल तेवढंच. आधी कुणाचं तरी ७०० चं चाक उसनं घालून गुटका रिमवर पूर्ण बसतो का बघा, मगच पैसे घाला. शिवाय मागचं माप फ्रीव्हीलच्या काळातलं, १२६ मिमी असणार. आजचं १३० चं हब घालायला मागचे स्टे जरा फाकवावे लागतात. स्टील आहे, करता येतं, पण निगुतीनं.

सध्या त्या अराया रिम चांगल्या असतील तर त्याच ठेवा. २७ × १ १/४ चे टायर ऑनलाइन मिळतात. मागवताना ६३० हा आकडा लिहिलाय का तेवढा बघून घ्या. ट्यूब वेगळी शोधायची गरज नाही, ७०० × २८-३२ ची चालते. फक्त रिमचं भोक बघा. बारीक असेल तर प्रेस्टा (बारीक व्हॉल्व्ह), आणि मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह जात असेल तर तो. तुम्हाला मिळालेला फूटपंप प्रेस्टाला लागणार नाही, त्यासाठी पितळी ॲडॅप्टर येतो, तो टायरबरोबरच मागवा.